उसवायची राहिलेली खूण

पुढाऱ्याने आपल्या बहिणीचं म्हणणं मान्य केलं, आणि आत्या सावध झाली.

बेचाळीस वर्षांत, म्हणजे ती बहीण, मास्तरीण, जन्माला आल्यापासून, असं एकदाही घडलं नव्हतं. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, आईचा फोटो पूर्वेच्या भिंतीवर लावायचा की दाराच्या वर, गेल्या वर्षी लाँड्रीला नवा बॉयलर आणायचा की जुन्यालाच ठिगळ लावायचं, या दोघांनी कधी एका बाजूला मान हलवली नव्हती. आत्याच्या मनात घरातल्या प्रत्येकाचं एक पान होतं. कोण कुणाला केव्हा काय बोललं, कुणी माघार घेतली, कुणी नुसतीच घेतल्यासारखी केली, सगळं तिथे तारीखवार. भावंडांच्या पानावर ‘एकमत’ हा शब्द तिला आज पहिल्यांदा लिहावा लागत होता.

“छोटी म्हणते ते अगदी बरोबर आहे,” पुढारी म्हणाला. चाळिशी ओलांडलेल्या छोटीने डोळे बारीक केले. “दंगल माणसं करत नाहीत. परिस्थिती करते.”

“हे तू म्हणतोयस?” मास्तरीण म्हणाली. “परवा टीव्हीवर ‘मूठभर गुंड’ कोण म्हणत होतं?”

“परवा मी नगरसेवक म्हणून बोलत होतो. आज भाऊ म्हणून बोलतोय.”

“मग तुझ्यापेक्षा तो नगरसेवक बरा,” आत्या म्हणाली. “त्याचं निदान काय चाललंय ते तरी कळतं.”

कुणी हसलं नाही. एरवी आत्याच्या अशा एका वाक्यावर दादा, म्हणजे तिचे थोरले भाऊ आणि या दोघांचे वडील, ठसका लागेपर्यंत हसायचे. आज ते बंद शटरकडे तोंड करून बसले होते.

घर लाँड्रीच्या वरच होतं, पण वरच्या खिडक्या रस्त्यावर उघडायच्या आणि रस्त्याच्या बाजूला बसायची कुणाची छाती नव्हती. म्हणून सगळे खाली, काउंटरच्या मागच्या इस्त्रीच्या खोलीत, लांबलचक टेबलाभोवती जमले होते. बॉयलर पाच दिवस थंड होता. वाफेची सवय असलेली ती खोली वाफेशिवाय परकी वाटत होती. हँगरला लटकलेले कोट पाठमोऱ्या माणसांसारखे दिसत होते आणि सूनबाई, पुढाऱ्याची बायको, दर थोड्या वेळाने वळून त्यांच्याकडे बघत होती. जळक्या लाकडाचा वास धुतलेल्या कपड्यांतही शिरला होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. चारला संचारबंदी दोन तासांसाठी उठणार होती आणि चारला इन्स्पेक्टर परत येणार होता.

सकाळी तो आला तेव्हा आत्या एकटीच काउंटरवर होती. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक पांढरी चिंधी काढून दाखवली. एका बाजूने जळलेली, दुसऱ्या बाजूला कापडाची बोटभर पट्टी, लाल दोऱ्याने शिवलेली, तीवर न जाणाऱ्या शाईत आकडा. चारशे सतरा. नाल्यापलीकडच्या वस्तीत पेट्रोलची न फुटलेली एक बाटली सापडली होती, तिच्या तोंडात हा बोळा होता.

“लाल दोरा तुमचाच ना?” त्याने विचारलं.

“आमचाच.”

“मग हा नंबर कुणाचा?”

आत्याला नंबर पाठ होता. तिला सगळेच नंबर पाठ होते. पण तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, “जुनी वही माळ्यावर आहे. शोधावी लागेल.” आयुष्यात ती पोलिसाशी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि ते इतकं सहज जमलं की तिची तिलाच भीती वाटली.

वही माळ्यावर नव्हती. ती आत्ता तिच्या मांडीवर, पदराखाली होती.

“कारणं लिहायलाच हवीत,” मास्तरीण म्हणत होती. उद्या सकाळी चौकशी समितीपुढे तिचं निवेदन होतं. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, आणि घरातल्या भांडणाचीही तिला तीन कारणं आणि दोन परिणाम सापडायचे. “बसडेपोने वर्कशॉप बंद केलं. एका नोटिशीत तीनशे माणसं घरी. तीनशेही एकाच वस्तीत राहणारी. पाण्याचा नळ आधीच एक दिवसाआड. पाच वेळा ती माणसं दाद मागायला गेली, पाचही वेळा शिपायाने गेटवरून परत पाठवली. सहाव्या वेळी बस पेटली. यात आश्चर्य कसलं?”

“माझ्या काळी पण कामं जायची,” दादा शटरकडेच बघत म्हणाले. “आम्ही बस जाळली नाही.”

“बस नाही जाळलीस दादा, बॉयलर मात्र उडवलास,” आत्या म्हणाली.

“तो अपघात होता!”

“बाबा, मी कुठे म्हणतेय जाळणं बरोबर होतं? मी म्हणतेय ते कशातून आलं.”

“आणि आपली काच कशातून फुटली?” सूनबाई एकदम म्हणाली. ती सहसा बोलायची नाही. बोलली की आवाज वरच्या पट्टीत जायचा. “सगळ्या बाजाराच्या काचा फुटल्या. माझ्या मुली पलंगाखाली झोपल्या दोन रात्री. त्याचं कारण लिहिणार का ताई तुम्ही? की आमची परिस्थिती ही परिस्थिती नसतेच?”

“तेही लिहिणार. बाजाराची भीती खरी आहे. पण वहिनी, दोन दिवस बाजार फुटला आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी वस्ती पेटली. चाळीस घरं. एक म्हातारी गेली, आणि तिला काढायला आत शिरलेली शेजारीण गेली. पोलीस म्हणतात वस्तीवाल्यांनीच बाटल्या साठवल्या होत्या, त्यांच्याच घरात पेटल्या. याला पुरावा काय?”

“तोच तर येतोय,” पुढारी म्हणाला. “चारला.”

आणि त्याने आत्याकडे पाहिलं.

लहानपणी बरणी फोडल्यावर तो असंच पाहायचा. ‘तू सांगणार नाहीस ना’ आणि ‘तू सांगितलंस तर बघ’ यांच्या बरोबर मधलं ते पाहणं. त्याची आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मास्तरीण तीन. आत्याने लग्नाला आलेलं एक चांगलं स्थळ परत पाठवलं आणि या दोघांना काउंटरमागे वाढवलं. त्याच्या पानावर तिने किती बरण्या स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या याची गणतीच नव्हती.

सहा दिवसांपूर्वी, बाजार फुटल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, तो घाईघाईने मागच्या दाराने आला होता. “आत्या, चिंध्या दे. काचा उचलायच्यात, पोरांचे हात कापतायत.”

न नेलेले कपडे दोन वर्षं ठेवायचे, मग फाडून चिंध्या करायच्या, ही घराची रीत. आणि फाडण्याआधी खुणेची पट्टी उसवायची, ही त्याहून जुनी. वडील म्हणायचे, चिंधीला मालक नसावा. त्या दिवशी गठ्ठा फाडून तयार होता, पण पट्ट्या उसवायच्या राहिल्या होत्या. वीज नव्हती, आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि हा दारात पाय आपटत उभा. “राहू दे गं, चिंध्याच आहेत. कोण बघतंय?”

तिने तशाच दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवर धूर दिसला.

तेव्हापासून तिला झोप नव्हती. तिने स्वतःला शंभरदा सांगितलं होतं की काचांसाठीच नेल्या असतील. आज सकाळी ती पिशवी काउंटरवर आली आणि सांगायला काही उरलं नाही.

“आत्या,” पुढारी म्हणाला, “वही सापडली?”

“सापडली.”

“मग नंबर कुणाचा?”

तिने वही टेबलावर ठेवली, उघडली नाही. “कंडक्टरचा. सातव्या रूटवर होता तो. वस्तीत राहतो. अडीच वर्षांपूर्वी, पहिल्या कपातीत त्याची नोकरी गेली तेव्हा दुसरीकडे मुलाखत होती, म्हणून पांढरा शर्ट टाकला होता धुवायला. मुलाखत रद्द झाली. मग तो न्यायला आलाच नाही.”

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम सावकाश उच्चारलं होतं. पण भावंडांनी ‘कंडक्टर’ हा शब्द ऐकला आणि पुढचं दोघांनीही ऐकलं नाही.

“बघ!” पुढाऱ्याने टेबलावर थाप मारली. “छोटी, तुला हेच हवं होतं ना? नोकरी गेलेला. पदरात दोन मुली. मुलाखतीसाठी धुतलेला शर्ट, आणि शेवटी त्याच शर्टाचा बोळा. मी त्याला गुंड म्हणत नाहीये. माणूस चांगला होता, परिस्थितीने त्याच्या हातात बाटली दिली. उद्या हे सांग. समितीतल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्याला शिक्षाही कमी होईल, बघच तू.”

मास्तरिणीने पर्स पुढ्यात ओढली. तिने पर्समधून पेन काढलं. आत्याने ते पाहिलं. पुढाऱ्याची तिला भीती वाटत होती ती वाटतच होती, पण ही पोर! तिच्याकडे चाळीस पानांचे आकडे होते आणि त्यांत एक चेहरा नव्हता. आता चेहरा मिळत होता, तोही तिच्या म्हणण्यात बरोबर मापाने बसणारा. दोघांची मतं आयुष्यभर एकमेकांकडे पाठ करून उभी होती, आणि आज ती दोन्ही बाजूंनी येऊन एकाच माणसाच्या अंगावर पडत होती.

“दोन मुली?” मास्तरिणीने विचारलं. “नक्की?”

“लिहू नकोस,” आत्या म्हणाली.

“का? नाव नाही घालणार मी.”

“मी काय म्हणाले ते ऐकलंस का? तुझ्या वर्गातली पोरं अशी ऐकत असतील तर नापास करतेस ना त्यांना? तो शर्ट न्यायला आलाच नाही, म्हणाले मी.”

पेन थांबलं.

“मग शर्ट वस्तीत गेला कसा?”

बाहेर लांब कुठेतरी गाडीचा भोंगा वाजला आणि सूनबाई उठून उभी राहिली, मग खाली बसली. मास्तरिणीने आधी आत्याकडे पाहिलं, मग आत्या जिकडे बघत नव्हती तिकडे.

“भाऊ?”

“काचा उचलायला चिंध्या नेल्या होत्या मी,” पुढारी म्हणाला. “काचांसाठीच. आत्याला विचार.”

“काचांसाठीच म्हणाला होतास,” आत्या म्हणाली.

“आणि मग?”

“मग काय? बाजार चिडलेला होता. दोन दिवस लोकांनी आयुष्यभराची दुकानं फुटताना पाहिली. पोरं माझ्या ऑफिसात बसलेली, गठ्ठा तिथेच पडलेला. कुणी बाटल्या आणल्या मला माहीत नाही. मी बाहेर गेलो फोन घ्यायला. आलो तेव्हा गठ्ठा निम्मा झाला होता.”

“आणि तू विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं!” तो ओरडला, मग आवाज एकदम खाली आणला. “राग साचला होता लोकांत. तुझाच शब्द आहे ना? साचतो, साचतो आणि फुटतो. वस्तीला परिस्थिती असते, आणि बाजाराला नसते का? लिही ना माझीपण कारणं!”

मास्तरिणीने पेनाला टोपण लावलं. ते दोनदा निसटलं.

“दोन बायका मेल्या, भाऊ.”

“मला माहीत आहे. मला माहीत नाही असं वाटतं तुला? पाच दिवस मी...” त्याने वाक्य सोडून दिलं. टेबलावरची थंड इस्त्री त्याने हातात घट्ट धरून ठेवली होती.

“वहीत काय लिहिलंय?” दादांनी विचारलं. ते पहिल्यांदाच शटरकडून वळले होते.

आत्याने वही उघडली. “नंबर. मालकाचं नाव, पत्ता. टाकल्याची तारीख. नेल्याची तारीख कोरी. नेणाऱ्याचं नाव, सही कोरी.”

“मग झालं तर. वही जशी आहे तशी दे त्याला. आपण एक अक्षर खोटं बोलायचं नाही, एक अक्षर जास्त बोलायचं नाही.”

“दादा, तो कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात बसलाय, दोन पोरींना घेऊन. घर जळलंय त्याचं. आज संध्याकाळी हे पोलीस त्याला तिथून उचलतील आणि म्हणतील, तूच जाळलंस.”

“कोर्टात सुटेल.”

“कधी? आणि त्या पोरी तोवर कुणाकडे?”

“आणि माझ्या?” सूनबाई म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. ती टेबलाला वळसा घालून आत्याच्या शेजारी येऊन बसली. या घरात आल्यापासून वीस वर्षांत ती आत्याच्या इतक्या जवळ कधी बसली नव्हती. “माझ्या कुणाकडे, आत्या? तुम्ही यांना वाढवलंत. यांचं नाव तुमच्या तोंडून जाणार? आणि एक सांगू? राग मानू नका. खूण उसवायची तुमची राहिली. तुम्ही तेवढं एक काम केलं असतंत तर आज ना कंडक्टर, ना आपण. चिंधी नुसती चिंधी राहिली असती.”

कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं. सुनेने म्हटलं हे आत्याने तिच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. तो हिशेब कुठेही चुकत नव्हता.

“खरं आहे,” ती म्हणाली. “माझी राहिली.”

“मग आता उसवा. वही हरवली म्हणा. माळ्यावर उंदरांनी खाल्ली म्हणा.”

“नाही,” पुढारी म्हणाला. “वही हरवली की तो आपल्यावरच संशय घेईल. वही द्यायची. बाबा म्हणतात तशीच.” त्याने इस्त्री ठेवली आणि आत्याच्या खुर्चीशी वाकला. “आत्या. मी तुला कधी काही मागितलं नाही.”

“रोज मागितलंस,” आत्या म्हणाली. “पण ते जाऊ दे.”

घड्याळात चार वाजले. रस्त्यावर एक शटर वर गेलं, मग दुसरं, आणि लोकांची पावलं वाजायला लागली. घाईची, भिंतीच्या कडेकडेने चालणारी. आपल्या शटरवर काठीची टोकटोक झाली तेव्हा पाचही जण एकाच वेळी दचकले. दादांनी उठून ते अर्धं वर केलं. इन्स्पेक्टर वाकून आत आला. पुढाऱ्याला पाहून त्याने मान लववली, नेहमीपेक्षा थोडी जास्त.

“साहेब, तुम्ही इथेच? बरं झालं. आजी, सापडली वही?”

“सापडली.”

आत्याने काउंटरवर येऊन वही उघडून ठेवली, आणि पुढारी पलीकडे इन्स्पेक्टरशेजारी जाऊन उभा राहिला. इन्स्पेक्टरने पान पाहिलं, बोट फिरवलं. “चारशे सतरा. कंडक्टर. वस्ती. छान. नेल्याची तारीख नाही दिसत.”

“राहिली असेल,” पुढारी म्हणाला. “वयस्कर माणूस आहे. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय.”

“होतं असं,” इन्स्पेक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी नव्हती, सोय होती. आत्याला उमगलं की हा माणूस वहीत उत्तर शोधायला आलेलाच नाही. उत्तर घेऊन आलाय, वही फक्त त्याखाली लावायची आहे. आपण खरं सांगितलं तर हे पानच रस्त्यात कुठेतरी गळून पडेल. चिंध्या देताना वाटली नव्हती इतकी भीती तिला आता वाटत होती.

“एक मिनिट हं,” मास्तरीण म्हणाली. ती केव्हा उठली कुणाला कळलं नाही. हातात फोन होता. “मला या पानाचा फोटो लागेल. उद्या समितीपुढे ठेवायचाय. आत्या, पान पूर्ण झालंय का?”

भावंडांमधलं एकमत दीड तासही टिकलं नव्हतं. आत्याला त्या भीतीतही थोडं बरं वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “साहेब, द्या इकडे. एक रकाना भरायचा राहिलाय.”

काउंटरवरचं शाईचं पेन दोरीने बांधलेलं होतं. तिने ते ओढलं. नेल्याच्या तारखेखाली तिने सहा दिवसांपूर्वीची तारीख लिहिली. नेणाऱ्याच्या नावाखाली तिने पुढाऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, जे घरात कधीच कुणी हाकेत वापरलं नव्हतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढे कंसात, चिंध्या. त्याखाली, खूण उसवली नाही, आणि स्वतःची आद्याक्षरं. मोतीबिंदूच्या डोळ्याला ओळ तिरकी दिसत होती, पण अक्षर सरळ आलं. फोनचा बारीक आवाज झाला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

इन्स्पेक्टर पुढाऱ्याकडे बघत होता. पुढारी आत्याकडे. सूनबाईने तोंडावर हात दाबला होता आणि दादा अर्ध्या शटरपाशी, बाहेरच्या उजेडात, पाठ करून उभे होते.

आत्याने वही फिरवली, काउंटरवरून पलीकडे पुढाऱ्याकडे सरकवली आणि दोरीचं पेन त्याच्यापुढे ठेवलं.

“इथे सही कर, बाळ,” ती म्हणाली. “कपडा नेला की सही लागते. पाय पोचत नव्हते तुझे स्टुलावरून खाली, तेव्हापासून सगळ्यांच्या सह्या तूच घ्यायचास.”